ऋतुजाच्या तोंडचं माझं वाक्य

दाजी गेल्याचा फोन त्यांच्या वारणानगरच्या शेजाऱ्यांनी केला. "तुमाला सांगावं का न्हाय, कळंना," म्हणाले. खरंच होतं ते. बहिणीच्या घटस्फोटाला बारा वर्षं झाली. मी त्यांचा कुणी उरलो नव्हतो. पण त्यांची पोरगी त्यांच्यापासून तोडली ती मी... आज दीड महिन्यानं तेच लिहायला बसलोय.

दाजी कारखान्यात फिटर. भांडण नवरा-बायकोचं; त्यांच्या मुलीचं, ऋतुजाचं, कुणाशीच नव्हतं. ती तेव्हा आठ वर्षांची. दाजींनी पूर्ण ताबा मागितलाच नव्हता. पोरगी आईजवळ राहू दे, निम्म्या सुट्ट्या माझ्याकडं, आणि शाळा-दवाखान्याचं दोघांनी मिळून ठरवू, एवढंच म्हणणं. आमचे वकील म्हणाले, "कोर्ट आईबापाचा हक्क नंतर बघतं, आधी पोरीचं हित. तिला एकटीला आत बोलवून विचारतील." बहीण एकटी पडेल, पोरगी हळूहळू तिकडचीच होईल, ही माझी धास्ती. मग आठवडाभर तिला शाळेत सोडताना स्कूटरवर मी घोकून घेतलं : पप्पा मारतात, मला तिकडं जायचं नाही. दाजींनी तिच्यावर साधा आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

ती आत जाऊन तेच बोलली. इतर कागदही होते, पण निकालात ते वाक्य आलं. ताबा आईकडं. बापाला महिन्यातले दोन शनिवार, कोर्टातल्या भेटीच्या खोलीत, दोन-दोन तास.

बाहेर व्हरांड्यात दाजी माझ्यासमोर उभे राहिले. "पावणं, चांगलं पाठ करून घेतलंसा की." त्यांचे वकील अपिलाचं बोलत होते, पोरीला पुन्हा विचारलं तर शिकवलेलं उघडं पडेल म्हणत होते. दाजी म्हणाले, "म्हंजे माझ्या पोरीला खोटारडी ठरवायची व्हय? नगो. ऱ्हाऊ दे."

एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. दहावीनंतर ऋतुजाच जाईनाशी झाली. मला वाटलं, बापाची ओढ आटली.

दिवसकार्य झाल्यावर तिला घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेलो. घराची पाहणी करायला कोर्टाचा माणूस येणार म्हणून त्यांनी खटल्याच्या वेळी आतली खोली तिच्यासाठी केली होती. भिंतीला दप्तर अडकवायची खुंटी, आठ वर्षांच्या पोरीचा हात पुरेल इतकी खाली. बारा वर्षांत त्या खुंटीला काहीच अडकवलेलं दिसत नव्हतं.

ऋतुजा खुंटीसमोर उकिडवी बसली. "मामा, मारतात म्हणून मीच सांगितलेलं न्हवं? का, ते आठवतही नाही. त्यांच्यासमोर बसायला तोंडच नव्हतं मला."

तेव्हा मी सगळं सांगितलं. स्कूटरपासून.

"पप्पांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

मग खांद्यावरची पर्स काढून तिनं त्या खुंटीला अडकवली.

"मामा," ती म्हणाली, "तू जरा बाहेर थांब."