भोंग्यातली विचारपूस

उळवीची जत्रा जवळ आली की तो रामनगरात रिक्षेवर भोंगा बांधून मराठीत, कानडीत पुकारत फिरायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या दारात आला की जत्रेचं पुकारणं मधेच थांबवून भोंग्यातूनच आईला म्हणायचा, “आक्का, गुडघा कसा हाय?” साऱ्या गल्लीला तिचा गुडघा पाठ झाला होता.

यंदाही रिक्षा तोच चालवत होता, पण भोंग्यात एआयचा आवाज होता.

“घसा बसला काय?” मी विचारलं.

“न्हाई. ह्यो मधी थांबत न्हाई, म्हणून सगळ्यांस्नी ह्योच पायजे.”

आई उंबऱ्यावर आली. त्यानं तोंड उघडलं, पण भोंगा बोलतच होता. नुसता हात हलवून तो पुढं गेला.

आई पुटपुटली, “औंदा बरा हाय म्हणून सांगायचं हुतं त्याला.”