खळ्यातला खांब

माझं माहेर महाडच्या बाजारपेठेतलं. घरात वीज होती. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आले आणि रॉकेलच्या चिमणीशी गाठ पडली. नवरा मुंबईला गिरणीत, घरात मी आणि सासू. तिला मी आत्या म्हणायचे. चिमणी म्हणजे नुसता वैताग! वारा आला की फडफड, डोळ्यांत धूर, भिंतीला काजळी. पण नव्या सुनेनं कुरकुर करायची कुणाकडे?

गिरण्या अजून चालू होत्या तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी भात पिकायच्या सुमाराला वाडीत लाइन येणार अशी बोलवा उठली. आम्हा दोघींना लाइनीपेक्षा खळ्याची घाई होती. दारापुढची माती खणली, पाणी शिंपडलं, चोपण्यानं बडवून बडवून सपाट केली, वर शेणाचा सारवा दिला. भात झोडून झालं की आमच्याकडे पेंढ्यावर बैल फिरवतात. ते बांधायला मधोमध लाकडाची मेढ रोवायची असते. तिच्यासाठी आत्यानं खड्डा काढून ठेवला आणि आम्ही कापणीला गेलो.

संध्याकाळी भारे घेऊन परत येतो तर काय, खळ्याच्या मधोमध लोखंडी खांब!

ठेकेदाराची माणसं घाटावरची. भाताचं खळं, मेढ, त्यांना काय ठाऊक? साहेबांनी आखलेले खड्डे शोधत पायवाटेनं येत होते. हा आयता खड्डा दिसला, तोच खोल केला आणि खांब रोवून दगड-माती ठासून मोकळे. वर चपला घालून सगळं खळं तुडवलेलं. आमच्यात खळ्यात कुणी चप्पल घालून पाय टाकत नाही. आत्या डोक्यावरचा भारा तसाच ठेवून कडाडली, "पायताणं काढा आधी! भाताची जागा हाय ती!"

मुकादमानं गुमान चपला काढल्या. "मावशी, चुकलं," म्हणाला, "पर आता सायबाला इचारल्याबिगर खांब हलवता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते चढण चढून घामाघूम. आत्यानं पाणी दिलं आणि लगेच सुनावलं, "खळ्यात खांब, वरनं तारा. आमी बैल फिरवायचं कुठं? डोक्यावर?"

साहेब भला माणूस. म्हणाले, "चूक आमचीच आहे. खरं तर लाइन वरच्या धारेवरून जायची होती. तुमचं घर त्यात नव्हतंच. सांगाल तर खांब काढून तिकडे नेतो. ठेवलात तर लाइन इथूनच नेऊ आणि तुमच्या घरी वीज येईल. पण तारा चढल्या की या खळ्यात झोडणी करायची नाही."

मी उंबऱ्यात उभी. मला हवी होती ती वीज, अगदी जीव जाईस्तोवर हवी होती! पण खळं आत्याचं. लग्न होऊन आल्यापासून ती तिथंच भात झोडत आली होती. मी कोण बोलणार?

आत्या खाली बसली. फुटलेल्या सारवणावरून तिनं हात फिरवला.

"राहू द्या खांब," ती म्हणाली.

"मावशी, नीट विचार करा."

"केला. हिच्या म्हायेरी गेले तवा बघितलं मी. लायटीखाली बसून भावंडांत खिदळत होती. हितं आल्यापासून पोर तशी हसली नाय."

मला साहेबांसमोरच रडू कोसळलं. "रडतेस काय गो?" आत्या म्हणाली, "खालच्या माळावर खळं करायचं हाय. चल." आणि कुदळ काढायला ती गोठ्यात गेली.

माळ सगळा मुरमाचा. ते खळं होईपर्यंत दिवाळी उलटली. सगळ्या वाडीची भातं घरात गेली, तरी आमचे भारे रचलेलेच. येणारा-जाणारा विचारायचा, "दारचं खळं सोडून ह्या दगडांत कशाला गो मरता?"

"मलाच मेलीला लायटीची हौस!" आत्या सांगायची. "म्हातारपणी खूळ लागलं, दुसरं काय?"

लोक तिला हसायचे. माझं नाव तिनं कधीच घेतलं नाही.