हाताने जोडलेला प्रिंटर

आमच्या शहरातल्या कॅनडा कॉर्नर चौकाजवळ वहिनीचं डीटीपीचं दुकान होतं. दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कॉम्प्युटरला व्हायरसने इतकं छळलं, की शेवटी मी, घरातला स्वयंघोषित तज्ज्ञ, रंगमंचावर अवतरलो. विंडोज काढलं आणि लिनक्सचा एक निराळाच अवतार चढवला. त्याची गंमत अशी, की यंत्रात काय काय हवं ते एका फाइलमध्ये लिहायचं, एक आज्ञा द्यायची, मग यंत्र स्वतःला तसं घडवतं. बिघडलंच, तर सुरू करताना त्याचं कालचं रूप निवडायचं. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं.

वहिनी म्हणाली, "भावजी, पत्रिका निघतील ना?"

"पत्रिका? अहो, वऱ्हाडसुद्धा निघेल!"

प्रिंटरमधून मात्र काहीच निघेना. त्याच्याबद्दल फाइलमध्ये काय लिहायचं हे समजायला माहिती वाचत बसावं लागलं असतं, आणि आमचं घराणं उभ्या उभ्या दुरुस्त्या करणारं. मिक्सर थापटून आणि टीव्ही दणका देऊन चालू करणारी माणसं आम्ही. मी सिस्टीमच्या पोटात परस्पर हात घातला, इकडच्या तिकडच्या ओळी खुपसल्या. प्रिंटर खडखडला. टाळ्या मीच वाजवल्या.

मग देवळा गावचे एक काका मुलीची लग्नपत्रिका छापायला आले. दुकानाची ती पहिली मोठी ऑर्डर. ते पत्रिका न्यायला यायचे होते त्या सकाळी, छपाई सुरू करण्याआधी, मला वाटलं, मथळ्याला जरा डौलदार फॉन्ट हवा. फाइलमध्ये एक ओळ वाढवली, आज्ञा दिली. फॉन्ट आला, प्रिंटर गेला. यंत्राने फाइल वाचून सगळ्या सेटिंग नव्याने मांडल्या होत्या, आणि फाइलमध्ये प्रिंटरचं नावच नव्हतं.

तेवढ्यात काका दारात. वहिनीने छपाई अडल्याचं सांगितलं.

"ताई, सगळ्या नाय तर एक तरी द्या. वणीच्या गडावर देवीपुढं ठेवल्याबिगर गावात वाटता येत नाय. वणीची गाडी गाठायची हाय."

"काका, बसा आणि बघा," मी बाह्या सरसावल्या. "आत्ता कालचं रूप आणतो."

यंत्र बंद करून सुरू केलं आणि झोकात काल निवडला. काल आला, पण त्यातही प्रिंटर नव्हता. मी जे कधी लिहिलंच नाही ते यंत्राने जपावं तरी कसं? आणि खुपसलेल्या ओळी? एक आठवेल तर शपथ.

"झालं का वो?" काकांनी विचारलं.

वहिनीने मजकूर पेन ड्राइव्हवर घेतला आणि माझ्या हातात दिला. "समोरच्या दुकानात जा. काकांना सोबत न्या."

समोरचे मालक पेन ड्राइव्ह उलटापालटा करत म्हणाले, "काय हो, तुमच्या नव्या मशीनला उपास आहे का आज?" काका हसले. मीही हसलो, काय करणार! देवीची पत्रिका तिथे छापली, आणि बाकीच्या सगळ्या पत्रिकांची ऑर्डरही काकांनी तिथेच देऊन टाकली. काकांना नावं ठेवायला जागाच नव्हती.

परत येऊन मी पहिल्यांदा खाली बसलो. वाचलं, चुकलो, पुन्हा वाचलं. संध्याकाळी प्रिंटरच्या ओळी फाइलमध्ये नीट लिहिल्या आणि आज्ञा दिली. चाचणीचा कागद सुळकन बाहेर आला. तो फडकवत मी वहिनीपुढे उभा राहिलो.

तिने मान वर केली नाही. टेबल पुसत म्हणाली, "छान. आता काय छापू?"