कारंज्यातलं निर्माल्य

तलावात निर्माल्य टाकू नका, हे पत्रक मीच लिहिलं आणि रिठदमध्ये दारोदार वाटलं. त्याच उन्हाळ्यात घरी अंगणात टाकं बांधून छोटं कारंजं बसवलं. बहिणीनं हौसेनं त्यात लाल मासे सोडले. कारंजं थांबलं की मासे तोंड वर काढून धापा टाकायचे, आणि कारंजं तर रोजच थांबत होतं. पंप उघडावा तर जाळीत झेंडूच्या पाकळ्या, बेलाची पानं, जळक्या वाती.

एका सकाळी शेजारच्या काकू ओंजळ रिकामी करताना सापडल्या.

"काकू, यात काहून टाकून राह्यली? पंप अडकते, मासे मरतीन."

"मंग कुठं टाकू? तलावात नको म्हून तूच तं कागद वाटला. वाहतं पाणी गल्लीत तुह्याच घरी हाये."

संतापून मी टाक्याशेजारी निर्माल्यासाठी खड्डा खणला आणि गल्लीतल्या सगळ्या बायांना सांगून आलो. दुसऱ्या दिवशी खड्डा रिकामा, कारंजं बंद, एक मासा उलटा तरंगत होता. मी काकूंचं दार वाजवलं.

"बापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "खड्ड्यात पाणी वाहते काय?"