वॉर्डात भैरवी नको

कुणी काही न मागता, काही न घेता रोग्याच्या खाटेजवळ येऊन वाजवायला बसला, तर तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवाल? विचार करून उत्तर द्या. मी ठेवला नव्हता. त्या दिवसांत सातारा-सांगलीकडे विश्वास ठेवावा असं फारसं काही उरलंही नव्हतं.

सर्जेराव दाजी गेल्याची बातमी मला साताऱ्यात सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं दिली. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, सांगलीहून त्याच्याबरोबर निरोप धाडला होता. "ताई, तुमचं दाजी गेलं. ताप डोक्यात गेला म्हणं," एवढं बोलून तो टपावरचं सामान सोडायला वर चढला. मी तिथंच उभी... आणि पहिला आला तो संशयच. ताप कसला? क्षयाच्या रोग्यांत बसून बसून त्यांना तोच रोग लागला नसेल ना? सांगलीला पोचल्यावर डॉक्टरांना विचारलं, ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाले.

दाजी पलटणीच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवत. लढाई चालू असतानाच पायात गोळी लागून परतले आणि सांगलीत हळदीच्या वखारीवर राखणदार झाले. गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात त्यांचा पलटणीतला एक सोबती पडून होता. त्याला भेटायला गेले, त्याच्या हट्टापायी एका अभंगाची चाल वाजवली आणि मग दर सोमवारी संध्याकाळी जाऊ लागले. सोबती वारला तरी जाणं थांबलं नाही, आणि इथंच सगळ्यांचे कान टवकारले. बेचाळीसची धामधूम अजून ओसरली नव्हती. भूमिगत पोरं खोट्या नावांनी कुठं कुठं दडली होती, दवाखान्याच्या खाटांवरसुद्धा. अशा ठिकाणी सरकारच्या पलटणीतला माणूस फुकट वाजवायला कशाला येतो? खबऱ्या असणार! म्हसवडकडचे बापू नावाचे एक धनगर तिथं रोगी होते. त्यांनी तोंडावरच विचारलं, "काय रं गड्या, आमचा खोकला ऐकून फौजदाराला सांगतुयास का?" दाजी म्हणाले, "सांगतो की. बापूचा खोकला लय बेसूर हाय म्हणून." गंमत अशी की पोलिसांनाही दाजींचा तितकाच संशय. फाटकावरचा शिपाई क्लॅरिओनेटचे तुकडे सुटे करून नळीला डोळा लावायचा, आत पत्रक तर नाही ना! "आत कागद असल्यावर वाजंल का ह्यो बाजा, दादा?" असं दाजी दर खेपेला विचारायचे. शिपाई दर खेपेला बघायचा.

माझा संशय निराळा होता. मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढले. दवाखान्यात दुधात पाणी, औषधाला टंचाई, आणि व्हरांड्यात संगीत! रोग्यांनी तक्रार विसरावी म्हणून दवाखान्याच्या कमिटीला ही सोय बरी पडते, असं मला वाटे. आक्काच्या चुलीपुढं दाजी भाकरी मोडत असताना मी त्यांना हे सरळ सुनावलं. "मेव्हणीबाई, दूध मागायचं काम तुमचं," ते म्हणाले, "चांगलं जोरात मागा. माज्याकडं फुंकर हाय, मी फुंकर मारतो."

"फुंकर मारून क्षय बरा होतो?"

"न्हाई व्हत." दाजींनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "पर सोमवारची वाट बघत्यात. वाट बघणारा मानूस चार घास खातो."

"आन मी हितं दर सोमवारी भाकरी झाकून वाट बघत्ये, त्येचं काय?" आक्का म्हणाली. दाजी हसले आणि तिच्या ताटातली मिरची उचलून घेतली.

मी खात्री करायला एका सोमवारी त्यांच्याबरोबर गेले. बायकांच्या वॉर्डातून ओवीच्या चालीची मागणी आली, बापूंनी भजन मागितलं. दाजींनी सगळं वाजवलं, पण शेवट असा केलाच नाही. रंगात आलेली चाल मध्येच तोडली आणि म्हणाले, "ऱ्हायलेलं पुढल्या सोमवारी." बापू चिडले, "अर्ध्यात सोडून चाललं बघा मुडदं!" परतताना मी कारण विचारलं. सुरुवातीला एकदा दाजींनी सवयीनं भैरवी वाजवून आटोपतं घेतलं होतं. आमच्याकडं भजन भैरवीवर उतरलं की लोक घोंगड्या झटकून उठतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. एका रोग्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाला, "म्हंजी आमचं झालं म्हना की." त्या दिवसापासून दाजींनी वॉर्डात भैरवीला हात लावला नाही.

पुढं दवाखान्यात देणगीदारांचा मेळावा भरला. कमिटीच्या चिटणीसांनी दाजींना फर्मावलं, पाहुणे आलेत, भैरवीनं सांगता करा. दाजी म्हणाले, "सायेब, तुमच्या बंगल्यावर येऊन वाजवतो. हितं न्हाई." चारचौघांत नकार! लगेच हुकूम निघाला की या माणसाच्या वाजवण्यानं रोग्यांना त्रास होतो, याला आत सोडू नये. पुढल्या सोमवारी दाजी कुंपणाबाहेर बाभळीखाली उभे राहून वाजवू लागले, आणि ज्यांना त्रास होत होता ते रोगी खाटा ओढत व्हरांड्याच्या टोकाला आले. ताप येईपर्यंत हे असंच चाललं.

आता तीच कमिटी त्याच व्हरांड्यात दाजींची शोकसभा भरवते आहे. फोटो, हार, बाहेरगावचे नामांकित गवई, आणि शेवटी... भैरवी. मी चिटणीसांना जाऊन भेटले. "अहो, तुमच्याच दाजींचा सन्मान आहे," ते म्हणाले. मग ज्याला तुम्ही फाटकात अडवलंत त्याचा सन्मान करायला देणगीदारच का बोलावलेत, असं मी विचारलं. त्यांना एकाएकी दुसरं काम आठवलं. आक्कानं फोटो द्यायला नकार दिला आहे. वॉर्डात गेले तर बापूंनी माझा हात धरला, त्यांचा हात कढत होता. "सभा त्येंची आन भैरवी आमाला व्हय? पोरी, थांबीव ह्ये."

माझ्या एकटीच्यानं ते थांबणार नाही. म्हणून वाचकहो, तुम्हाला विनंती आहे. सभेचं आमंत्रण आलं असेल तर जाऊ नका, आणि का येत नाही ते कमिटीला कळवा. त्याच पत्रात दुधाचंही विचारा, माझी ती मागणी मी सोडलेली नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला पेटी, बासरी, नुसता गळा जरी असेल, त्यानं सोमवारी संध्याकाळी वॉर्डात जावं. आत सोडलं नाही तर बाभळीखाली उभं राहा, तिथून ऐकू जातं. वाजवून झालं की बापूंना हाक मारून "येतो" म्हणा... आणि पुढल्या सोमवारी खरंच या.