केशरी पाहुणी

नाना भावसारांना कुठलाही जीव दिसला, की पहिला प्रश्न एकच. भिंतीवर पाल असो की फळ्यामागे कोळी, चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, “हाऊ काय खास?” काय खातो हे कळल्याशिवाय कुणाची ओळख झाली, असं ते मानत नसत. धुळ्याच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी मलाही त्यांनी तेच विचारलं आणि खाणावळीचं नाव ऐकताच देवपुरात आपल्या घरी जेवायला नेलं. पुढे कित्येक वर्षं त्या घरचं वांग्याचं भरीत मी हक्कानं खाल्लं.

नाना विज्ञान शिकवत. त्यांच्या कपाटात स्पिरिटच्या बाटलीत एक समुद्री गोगलगाय होती, पाठीवर शंख नसलेली. तिचा रंग पार उतरला होता. मुलं तिला सोललेला लसूण म्हणत, आणि नानांना ते फार लागे. “मी रंगारीना घरमा जन्मनू,” ते म्हणत, “नि पोरेसले धोयेल चिंधी दखाडस.”

एका दिवाळीच्या सुट्टीत ते मुंबईला बहिणीकडे गेले, ते चाळीसगावला गाडी बदलत, मांडीवर बरणी सांभाळत परतले. सोबत समुद्राच्या पाण्याचे दोन डबे. बरणीत जिवंत गोगलगाय: झगझगीत केशरी, पाठीवर कल्ल्यांचं फूल, बोट लावलं की मिटणारं. ओहोटीनंतर खडकांत जे पाणी साचून राहतं, त्यात ती सापडली होती. शाळा उघडायला आठ दिवस होते. तोवर ती जगावी आणि मुलांनी तिचा रंग बघावा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. स्टेशनवरून ते थेट शाळेत आले; सुट्टीतही मी चित्रं काढायला तिथेच असे. मला म्हणाले, “तुम्ही हिचं चित्र काढा,” आणि बाकावरच झोपून गेले.

मी परातीत मांडणी करू लागलो. तिच्याबरोबर आणलेल्या दगडावर पिवळट, बुळबुळीत थर होता. आम्हा चित्रकलावाल्यांना सगळं नीटनेटकं लागतं. मी तो दगड राखेनं घासून लख्ख केला, आणि वर स्वतःवर खूश झालो.

नाना उठले, परात पाहिली आणि दगडावरून बोट फिरवलं. तो थर म्हणजे जिवंत स्पंज होता. ती दुसरं काही खात नाही. आणि ती खाते म्हणूनच तो सगळा खडक व्यापत नाही, बाकीच्या जिवांना जागा उरते, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं.

“राहू द्या मास्तर,” ते म्हणाले. “बठ्ठा जीवसले पोट शे. हाऊ दगड तिन्हं ताट व्हतं.”

सहा दिवस ती त्या स्वच्छ दगडावर फिरत राहिली. नाना दर तासाला डोकावत. सातव्या दिवशी ते फूल मिटलं, ते उघडलंच नाही.

शाळा उघडली. मी वर्गात चित्र धरून उभा होतो, नानांच्या हातात दगड. एका मुलानं विचारलं, कशानं मेली?

“उपाशी मेली,” नाना म्हणाले. “मीच तिचं ताट घासून टाकलं.”

मी गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

नाना गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या घरी जेवताना मी त्यांच्या पत्नीला, अक्कांना, खरं काय ते सांगितलं. वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

“घरमाबी सोताचंच नाव सांगेत,” त्या म्हणाल्या. “इतला शिकेल माणूस नि दगड घासत बठना, म्हनीसन मन्हं कितलं बोलनं आयकी लिधं त्यासनी.”

डोळे पुसून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.