अंगठ्यातले मणी

उजव्या पायाचा अंगठा ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न डॉक्टरबाईंनी इतक्या सौम्यपणे विचारला की क्षणभर मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाच्या अंगठ्याबद्दल बोलताहेत. मधुमेह मला बऱ्याच वर्षांचा. तळपाय बधिर झालेले, त्यामुळे चपलेतला खडा दिवसभर अंगठ्याखाली रुतून बसला तरी कळलं नव्हतं. जखम झाली, ती भरेना, आणि आता आतलं हाडही खराब व्हायला लागलं होतं. गोळ्यांनी नाही का जमणार, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पायातल्या रक्तवाहिन्या आकसल्यात, पोटात घेतलेलं औषध अंगठ्यापर्यंत पुरेसं पोचतच नाही. एक उपाय होता. हाड खरवडून साफ करायचं आणि त्या पोकळीत औषध कालवलेले बारीक मणी भरायचे. ते आपले आपण विरघळतात आणि विरघळता विरघळता जागच्या जागी औषध सोडत राहतात. जमलं तर अंगठा राहील. नाही जमलं तर अंगठा जाईल, आणि त्यावरही थांबेलच असं नाही.

मणी कशाचे, असं मी विचारलं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्याच जातीचे, त्या म्हणाल्या. म्हणजे आमचा खडूच की. छत्तीस वर्षं मराठी शिकवताना जो नाकातोंडात गेला, तो आता पायातही जाणार होता. हा विनोद बायकोला कसा सांगायचा याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, आणि डॉक्टरबाई पुढचं काहीतरी समजावून सांगत होत्या. मी मान डोलावत राहिलो. अशी मान डोलावणारी मुलं वर्गात मला लांबूनही ओळखू यायची.

देवाशी माझं भांडण नाही, त्याच्या लाउडस्पीकरशी आहे. सध्या आमच्या नाशकात चौकाचौकांत कुंभमेळ्याचे फलक लागलेत. त्यांवर देव बोटभर आणि शुभेच्छुक हातभर. हे बघत बघत माझी श्रद्धा आतल्या आत कुठेतरी अंग चोरून बसली असावी. मरून गेली नव्हती, हे ऑपरेशनच्या टेबलावर कळलं. तिथे पडल्या पडल्या मी कुणाला तरी काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. मागणं नेहमी थोडं ओशाळवाणं असतं, आणि अंगठ्यासाठीचं तर फारच.

घरी आलो. पट्टी भिजवायची नाही, उघडायची नाही, पाय टेकवायचा नाही, एवढे तीन नियम. पट्टी बदलायला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात. मी आदर्श रुग्ण होतो. बाराव्या दिवशी गुरुपौर्णिमा आली.

बायको सकाळी देवळात गेली होती. माझे जुने विद्यार्थी आले, सात-आठ जण, सगळे पन्नाशीकडे झुकलेले. सोबत पितळी परात, दूध, मध, फुलं आणि एक फोटोग्राफर. त्यांचा पुढारी आता प्लॉटचे व्यवहार करतो. तो म्हणाला, "सर, पाद्यपूजा करायचीय. तुम्हीच आम्हाला घडवलंत."

"तुम्ही जसे घडलात, त्याला मी जबाबदार नाही," मी म्हणालो. सगळे हसले. परात पुढे सरकली.

आता खरं सांगतो. पाद्यपूजा या प्रकाराची मी आयुष्यभर टवाळी केली आहे. कुणाचे पाय धुऊन ज्ञान मिळत असतं तर पेडिक्युअर करणाऱ्या मुली ब्रह्मज्ञानी झाल्या असत्या, असं मी याच पोरांना वर्गात ऐकवलं होतं. पण निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत माझ्या दारात एवढी माणसं एकदम कधी आली नव्हती. मी म्हणालो, फार तर डावा पाय घ्या, उजव्याला पट्टी आहे. तर तो म्हणाला, "एकाच पायाची? पूजा लंगडी होईल ना सर. पिशवी बांधू की वरून." दुधाची पिशवी कापून पायावर चढवली, वर दोरा बांधला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा इकडे." मी इकडे बघितलं. त्या दहा मिनिटांत मी किती सुखात होतो हे कबूल करायला आजही जड जातं. पिशवीला कोपऱ्यात भोक होतं ते मंडळी गेल्यावर दिसलं.

बायकोला मी सांगितलं नाही. पट्टीवर टॉवेल टाकून बसलो, वाळेल म्हणून. दुसऱ्या दिवशी पट्टीतून आंबूस वास यायला लागला. बायको माझे रिपोर्ट आणायला बाहेर पडली, तशी मी पट्टी सोडली. जखमेतून पांढरं पाणी झिरपत होतं. मला वाटलं, संपलं. दूध आत गेलं, नासलं, पू झाला. डॉक्टरबाईंना फोन करायचा तर दूध पायावर कसं आलं ते सांगावं लागणार. सहासष्ट वर्षांच्या माणसाला अंगठा जाण्याच्या भीतीपेक्षा हसं होण्याची भीती मोठी वाटू शकते, यावर माझा पूर्वी विश्वास बसला नसता. मी ठरवलं, मणी नासले असणार, ते काढून जखम धुऊन टाकू आणि पट्टी होती तशी बांधून ठेवू. चिमटा घेतला, डेटॉलमध्ये बुडवला. पाय बधिर, त्यामुळे दुखण्याचाही अडसर नव्हता.

तेवढ्यात दारात आवाज आला, "करटुली हाय, करटुली." आम्ही पेठ रोडच्या बाजूला राहतो. पावसाळ्यात सुरगाण्याकडच्या बाया जीपमधून रानभाज्या घेऊन उतरतात, तरी आमची गल्ली आडबाजूला पडते, इकडे सहसा कुणी फिरकत नाही. दार बायकोने लोटून घेतलेलं होतं. मी "नको" म्हणायच्या आत ती दार ढकलून टोपलीसकट आत आली. पन्नाशीची असेल, किरकोळ अंगाची. तिने माझ्या हातातला चिमटा पाहिला, पाय पाहिला, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, उकरू नको."

मी म्हणालो, "बाई, यात पू झालाय."

"पू नाय. मनी हाय ना आत? पांढरे?"

तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं. ती तिथेच फरशीवर बसली. तिचा नवरा द्राक्षबागेत कामाला होता, तिथे त्याच्या पायात तार गेली. सरकारी दवाखान्यात त्याच्याही अंगठ्यात असेच मणी घातले होते. "डाक्टरीन बोलली व्हती, पांढरा पानी येल, मनी इरघळतात त्याचा. आमी आयकला नाय. त्यानं सुईनं उकरून समदे काढले. मंग अंगठा गेला." आणि मग, माझ्याकडे बघत, वर्गातल्या ढ पोराला समजवावं तशी म्हणाली, "नागली पेरली का रोज उकरून बघतोस का तू, उगवली का म्हनून?"

मला अरेतुरे करणारं माणूस आई गेल्यापासून कुणी उरलं नव्हतं. देवाला मात्र आपण अरेतुरेच करतो, हे तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं. डॉक्टरबाई त्या दिवशी काय सांगत होत्या आणि मी काय ऐकत नव्हतो, हेही त्याच क्षणी कळलं. तिने मला जखमेवर नवं गॉज ठेवायला लावलं, स्वतः हात लावला नाही, म्हणाली, "माझा हात मातीचा हाय." मग म्हणाली, "लाव फोन." मी डॉक्टरबाईंना लावला. बायको येईपर्यंत ती बसून राहिली. मी पुन्हा चिमटा घेईन, असा तिला संशय असावा. तो रास्त होता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जखम तपासली, धुतली, नवी पट्टी बांधली. पाणी मण्यांचंच होतं. भिजण्याने नुकसान झालं की नाही ते आठवड्याने कळणार होतं. मग त्यांनी विचारलं, "पण हा वास दुधाचा आहे. दूध कुठून आलं?"

बायको म्हणाली, "काल गुरुपौर्णिमा होती." फोटो तिच्या मोबाइलवर काल दुपारीच आला होता. पिशवीचं भोक फोटोत दिसत नव्हतं, माझा चेहरा दिसत होता. रिक्षात मी विचारलं, काल बोलली का नाहीस. ती म्हणाली, "इतक्या दिवसांनी तुम्ही असे हसलेले दिसलात. मोडवेना." उतरताना म्हणाली, "चुकलंच माझं."

तो आठवडा मी पट्टीकडे बघून काढला. वर दिसत काहीच नाही. आत ते बारीक मणी झिजताहेत, रोज थोडं थोडं देताहेत, आणि मी करण्यासारखं काही नाही. उलट मी काही न करण्यातच त्यांचं काम आहे. आयुष्यात मी पुष्कळ वाचलं, पुष्कळांच्या चुका काढल्या, पण हात मागे घेऊन बसणं मला कधी जमलं नव्हतं. त्या दिवसांत ते हळूहळू जमलं. शरणागती या शब्दाचा अर्थ मी मुलांना अनेकदा सांगितला होता. त्यात एवढं बसून राहणं असतं, हे सांगायचं राहिलं.

अंगठा राहिला. जखम सातव्या आठवड्यात मिटली. त्या बाईला मी पेठ नाक्यावर दोनदा जाऊन शोधलं, भाजीवाल्यांना विचारलं. नाव विचारायचं सुचलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काय विचारणार. ती त्या दिवशी आमच्या गल्लीत का आली, याचं उत्तर सरळ आहे: करटुली विकायला. मी त्यात आणखी काही घालत नाही. काढूही शकत नाही.

आता रोज संध्याकाळी बायको माझे पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्या तपासते, कुठे खरचटलंय का बघते. डॉक्टरबाईंनीच सांगितलंय. फोटो कुणी काढत नाही.

परवा तिच्याबरोबर देवळात गेलो. एरवी मी बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसायचो, आत जायची माझी इच्छा नसायची. या वेळी होती. पण मला अनवाणी पाऊलभरही चालायची आता बंदी आहे, आणि बूट घालून आत जाता येत नाही. तेव्हा पायरीखालीच उभा राहिलो आणि तिथूनच हात जोडले. आत घंटा वाजली. बायको बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, आणि हातातला अंगारा पायरी उतरून येऊन माझ्या कपाळाला लावला.